मदत हवी आहे : दालमिलच्या कर्जासाठी शिक्षिका पत्नीला जामीनदार करावे का?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. घरची कोरडवाहू शेती आहे. कपाशी, सोयाबीन आणि आंतरपीक म्हणून तूर. आम्ही तूर बाजार समितीत विकतो आणि डाळ दुकानातून विकत आणतो, म्हणून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दालमिल गावात बसवावी, असा माझा विचार आहे. यंत्र, शेड, वीजजोडणी आणि पहिल्या हंगामाची तूर खरेदी धरून सुमारे ६ लाखांचे कर्ज लागेल.

एका पतसंस्थेने तयारी दाखवली आहे. मात्र दोन जामीनदारांपैकी एक माझी पत्नीच असावी, असा त्यांचा आग्रह आहे, कारण ती जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. तेथील लिपिकाने हमीपत्रावर सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या करून दिल्या आणि सांगितले, "वहिनीबाईची सही आना, बाकीचं आमी भरून घेऊ." घरी येऊन पाहिले, तर रक्कम, मुदत आणि व्याजदर या तिन्ही जागा कोऱ्या होत्या. सोबत पगारातून परस्पर कपात करण्याचे संमतीपत्रही जोडलेले होते.

मी पत्नीला अजून विचारलेले नाही. विचारले तर ती नाही म्हणणार नाही याची मला खात्री आहे, आणि माझी खरी अडचण तीच आहे. परक्या माणसाला जामीन राहण्यास सांगितले, तर तो चार ठिकाणी चौकशी करतो, वेळ मागून घेतो, नाही जमले तर सबब सांगतो. नवऱ्याने कागद पुढे केल्यावर बायकोला यातले काहीच सहज करता येत नाही. केलेच, तर घरात तो अविश्वास ठरतो. अशा सहीला मनापासून दिलेली संमती म्हणावे का, याचे उत्तर मला स्वतःला देता येत नाही.

दुसरी काळजी उत्पन्नाची आहे. शेती आणि दालमिल दोन्ही तुरीवरच अवलंबून राहणार. ज्या वर्षी ऐन फुलोऱ्यात धुवारी (दाट धुके) पडेल किंवा शेंगा पोखरणारी अळी येईल, त्या वर्षी शेतही जाईल आणि मिलला मालही मिळणार नाही. पाऊस कसाही झाला तरी घरात येणारा पैसा एकच आहे, तो म्हणजे तिचा पगार. मुलांची फी, आईची औषधे, किराणा सगळे त्यावर चालते. हप्ते थकले तर संस्था आधी माझ्यामागे लागेल की थेट तिचा पगार धरेल? तिची जबाबदारी ठरावीक रकमेपुरती ठेवता येते का? मला काही बरेवाईट झाले तर काय? आणि तिला मध्ये न घेता हे कर्ज मिळण्याचा एखादा मार्ग आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

भाऊ, मी एका पतसंस्थेत बरीच वर्षे वसुलीचे काम पाहिले आहे, त्यामुळे स्पष्टच लिहितो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. संस्थेने आधी तुमच्याकडून वसुलीचे सगळे प्रयत्न करावेत आणि मगच जामीनदाराकडे जावे, असे बंधन तिच्यावर नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा अधिकृत आदेश, मिळाला, की तो जामीनदारांवरही चालतो. अशा वेळी वसुली अधिकारी कोणाकडे आधी जातो? जिथे दर महिन्याला पगार जमा होतो तिथे. दोन जामीनदार आहेत म्हणून संस्थेला प्रत्येकाकडून निम्मेच मागता येते, हाही गैरसमज आहे. पूर्ण रक्कम एकाकडूनही मागता येते, वाटणी नंतर त्या दोघांनी आपसात करायची.

सर्वांत जपायचा कागद तो कपातीचा. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरून पगार जप्त होतो, तेव्हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. स्वतःहून दिलेल्या संमतीपत्राचा आधार मात्र त्यात लिहिलेला मजकूर असतो. त्यामुळे दरमहा जास्तीत जास्त किती कापायचे, हा आकडा त्यात नसेल तर वहिनींनी सही करू नये. कोऱ्या जागा असलेल्या हमीपत्रावर तर कधीच करू नये. जबाबदारी ठरावीक रकमेपुरती आणि याच एका कर्जापुरती आहे, असे लिहून घेता येते. संस्था कुरकुर करते, पण मागायला हरकत नाही. पुढच्या सर्व मुदतवाढी आणि बदल जामीनदाराला मान्य आहेत, असे वाक्य छापील नमुन्यात बहुधा असते, ते शोधा. करारात बदल करताना जामीनदाराची संमती घेतली नाही, तर त्यानंतरच्या व्यवहारातून करार कायद्याचे कलम १३३ त्याला मोकळे करते, आणि ते संरक्षण या वाक्याने जाऊ शकते.

तिने भरलेले पैसे तुमच्याकडून वसूल करण्याचा हक्क तिला कायद्याने आहे. पण एकाच घरात त्या हक्काचा उपयोग काय? तुमच्या मृत्यूनेही तिची हमी संपत नाही. म्हणून कर्जाएवढा मुदतीचा विमा आधी काढा.

पर्यायाचे म्हणाल, तर आधी राष्ट्रीयीकृत बँकेत जा. सूक्ष्म व लघु उद्योगांना किमान १० लाखांपर्यंतचे कर्ज देताना बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. पतसंस्थांना तो लागू नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत दालमिल बसते, आणि पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. सध्या अर्ज घेतले जात आहेत का, ते तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा.

प्रतिसाद २

मीही शिक्षिका आहे आणि पतीच्या कर्जाला जामीन आहे. घर बांधण्यासाठी मी कर्ज मागितले, तेव्हा त्यांची थकबाकी माझ्या सिबिल अहवालात (कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात) दिसली आणि अर्ज मागे पडला. माझा पगार एकदाही चुकलेला नव्हता. दादा, तुम्ही विचारण्याआधी थांबलात हे मला फार मोलाचे वाटते. तिला कागद वाचायला द्या आणि तुमच्याशिवाय कोणाकडून तरी समजून घेऊ द्या. तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. "सही कर" आणि "तू ठरव, तुझे उत्तर नाही असले तरी मी दुसरा मार्ग पाहीन" यांत फार अंतर आहे. मात्र दुसरे वाक्य बोलण्याआधी तो दुसरा मार्ग तुमच्याकडे खरोखर असला पाहिजे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ताईंचे शेवटचे वाक्य मला पटले, म्हणून क्रम बदलतो. आधी बँकेत आणि कृषी कार्यालयात जाऊन पाहतो, आणि तिथून उत्तर मिळाल्यावरच पत्नीपुढे सगळे कागद ठेवतो. तोवर पतसंस्थेचे हमीपत्र कोरेच परत करत आहे. एक विनंती : यवतमाळ, वाशीम किंवा अमरावती जिल्ह्यात कोणी या योजनेतून मिनी दालमिल उभी केली असेल, तर बँकेने प्रकल्प अहवालात काय काय मागितले आणि जामीनदार मागितला का, हे कृपया येथे लिहावे.