रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) शिबिर, दत्तक गाव वगैरे: तुमचे अनुभव

शेवंताबाई
भाचीचं कॉलेजचं हिवाळी शिबिर आहे, ताई सकाळपासून फोनवर. यादीत ताट-वाटी, सतरंजी, विजेरी. पोरीचं म्हणणं पॉवरबँक आधी. त्यावरून आमचं आठवलं. पारनेर तालुक्यातलं गाव, मुक्काम जि. प. शाळेत, बाकं भिंतीला लावून. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक (म्हणजे डुलक्या), रात्री सांस्कृतिक. बायाबापड्या फक्त रात्रीच्या कार्यक्रमाला.

काम होतं ओढ्यावर वनराई बंधारा घालायचं. सिमेंटची रिकामी पोती, त्यात वाळू-माती, तोंडं दाभण-सुतळीने शिवायची. पोरं हौसेने गच्च भरत सुटलेली. कडेला बिडी ओढत बसलेले एक म्हातारे गवंडी उठून आले नि म्हणाले, "पाऊणच भरा. गच्च पोतं लोळतंय, बसत न्हाई." वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, हेही त्यांनीच दाखवलं. आमचे कार्यक्रम अधिकारी सर इतिहासाचे. ते मुकाट्याने वहीत लिहून घेत होते.

तर लिहा. शिबिरार्थी, गावकरी, आचारी, कुणीही.

दिवटा
दहा ग्रेस मार्क. बाकी सब झूठ. (दिवे घ्या)

मीनल_ठाणे
दिवटा, हहपुवा! आमच्याकडे निम्मी पोरं त्यासाठीच होती. उरलेली निम्मी मुलींसाठी. माझा नवरा दुसऱ्या निम्म्यातला. सध्या भांडी घासतोय, श्रमदान चालूच.

ओढ्याकाठचा
मी पलीकडच्या बाजूचा. आमचं गाव 'दत्तक' होतं. दरवर्षी पोरं यायची, त्याच भिंतीवर तीच म्हण रंगवायची, त्याच खड्ड्यांत नवी रोपं. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे ना कॉलेजने विचारलं ना आम्ही. उद्घाटनाला हार-तुरे मात्र गावाच्या खर्चाने. आजी विचारायची, "दत्तक घेतलंय म्हणतात, मग सणावाराला का येत नाहीत?"

पण एका वर्षी भूगोलाचे एक सर आले. पोरांना घेऊन गावातली प्रत्येक विहीर फिरले, टेप सोडून पाणी किती खोल ते मोजलं, नकाशावर मांडलं. पुढच्या उन्हाळ्यात एकटेच एसटीने परत आले, पुन्हा मोजलं. जाताना टेप ग्रामपंचायतीत ठेवून गेले. आता दिवाळीनंतर आम्हीच मोजतो. ऊस किती लावायचा यावरून ग्रामसभेत भांडणं होतात ती होतातच, पण निदान आकड्यांवरून होतात.

शेवंताबाई
"सणावाराला का येत नाहीत" :)) आजींना नमस्कार.

नाना_वाईकर
योजना १९६९ ची, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षातली. सुरुवातीला ३७ विद्यापीठं नि ४०,००० विद्यार्थी. वर्षाला १२० तास काम. शिबिराचे सात दिवस म्हणजे फक्त फोटोचा भाग आहे मंडळी, खरं काम वर्षभराचं.

दिवटा
नाना, आमचे १२० तास रजिस्टरात भरले जायचे. एका दुपारी.

कोयनाकाठ
तुम्ही सगळे कॉलेज गावाला काय देतं ते लिहिताय. आमच्या वडिलांच्या तोंडी उलटं असायचं. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात वाढले ते. कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटलांनी) संस्था १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी काढली, पण ती चालली गावांनी दिलेल्या मूठमूठ धान्यावर. दळायला बसण्याआधी बाया एक मूठ बाजूला काढून ठेवायच्या, बोर्डिंगातल्या पोरांसाठी. वहिनींनी (अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी) मंगळसूत्र मोडलं ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. वडील पुढे साताऱ्याला शिवाजी कॉलेजात कमवा आणि शिका योजनेत होते. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही ताटात शीत टाकू द्यायचे नाहीत. म्हणायचे, कुणाच्या जात्यावरचं आहे ठाऊक नाही. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

गौरी_सांगली
कोयनाकाठ, काटा आला अंगावर.
२०१९ च्या पुरानंतर आमच्या गल्लीत कॉलेजची पोरं खराटे-फावडी घेऊन आली होती. कुठलं कॉलेज विचारायचं राहिलंच. माजघरात घोट्याच्या वर गाळ, आई नुसती पायरीवर बसून. एका पोरीने आईच्या धान्याच्या डब्यांपासून सुरुवात केली. एकेक डबा घासून उन्हात पालथा घातला. मग आई उठली.

मीनल_ठाणे
:( गौरी.

वर्धेची_सून
नणंद सेवाग्रामची एमबीबीएस. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेलं कॉलेज. पहिल्या वर्षी आधी आश्रमात राहायचं, खादी घालायची, झाडायचं, सूत कातायचं. मग प्रत्येक बॅचला एक गाव, प्रत्येकाला वाटून दिलेली घरं. शिबिर संपलं तरी जाणं चालू. तिच्या वाट्याला आलेल्या घरातल्या काकू पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या, "सुई टोचायला आली असशील तं चहा नाही मिळणार." तिच्या लग्नाला त्याच काकू वर्धेच्या बसने नागपूरला आल्या, सोबत पिशवीभर तुरीच्या शेंगा.

शेवंताबाई
रच्याकने, शिबिरातलं जेवण कुणीच काढलं नाही? आमच्याकडे पिठलं इतकं पातळ की ताटात फिरायचं.

दिवटा
आमची खिचडी उलट. वनराई बंधाऱ्याला चालली असती.

रानपाखरू
मी कृषीकन्या! दापोली. शेवटच्या वर्षाला रावे असतं, ग्रामीण कार्यानुभव. महिनोन्महिने गावात, एकेक शेतकरी ठरवून दिलेला. पेपरात फोटो येतो ना 'कृषीकन्यांचे मार्गदर्शन', त्यातल्या आम्ही. मार्गदर्शन कुणी कुणाला केलं ते फोटोत दिसत नाही.

सुपारीवरच्या कोळे रोगासाठी (बुरशीने फळं गळतात तो) बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे बुरशीनाशक फवाऱ्याचं, प्रात्यक्षिक होतं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, पुस्तकातलं पाठ. आमचे शेतकरी आजोबा ओटीवरनं उतरले, कोयती मिश्रणात बुडवली नि वर धरली. पात्यावर तांबूस झाक. "बाय गो, चुना जुना हाय तुझा. आणखी घाल." पुस्तकात चाचणी असतेच, पण भुकटी झालेला चुना उमजायला पाऊस काढावे लागतात. आम्हीही अगदीच रिकाम्या हाताने नव्हतो हं. त्यांच्या सुनेला माती परीक्षणाचा नमुना काढायला शिकवला, नंतर वाडीतल्या सगळ्यांचे तीच काढायची.

ओढ्याकाठचा
रानपाखरू, थांबा थांबा. उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशी फवारलं तर चालतं का? द्राक्षवाले मेहुणे तसंच करतात.

रानपाखरू
नाही! केलं त्याच दिवशी संपवायचं. आणि बादली प्लास्टिकची घ्या, लोखंडी नको. मेहुण्यांना मोरचूद कुठल्या भांड्यात विरघळवतात ते विचारा आधी.

ओढ्याकाठचा
विचारलं. "वहिनींच्या पातेल्यात" म्हणतायत. फोन ठेवतो.