मदत हवी आहे : पोर्टफोलिओ पाहिला जातो, पण रिक्रूटरकडून विचारणा येत नाही

अर्धी_रेघ
मी माझ्या डिझाइनच्या कामाचा ऑनलाइन पोर्टफोलिओ तयार केला आहे. तो दिसायला उत्तम आहे असे या क्षेत्रातल्या जाणकारांनी सांगितले असून भेट देणाऱ्यांची संख्याही बरी आहे, तरीही रिक्रूटरकडून एकही विचारणा आलेली नाही. रिक्रूटरची नजर खिळून राहील असा टेम्प्लेट कोणता, एवढेच मला हवे आहे. कृपया धीर धरण्याचा सल्ला देऊ नये, तो धरून झाला आहे.

मोजपट्टी
डिझाइन म्हणजे नेमके कोणते, ग्राफिक, इंटरफेस की मोशन? कोणत्या पदासाठी प्रयत्न चालू आहे, आपण स्वतः अर्ज करता की कोणी शोधत येईल अशी अपेक्षा आहे, आणि भेट देणारे लोक नेमके कोण आहेत? हे कळल्याशिवाय टेम्प्लेटविषयी बोलण्यात अर्थ नाही.

रंगपेटी
स्वतंत्र संकेतस्थळाचा खटाटोप हवाच कशाला? बिहान्स हे डिझायनरांनी आपले काम मांडण्याचे संकेतस्थळ आहे, त्याची कंपनी २००५ मध्ये स्थापन झाली, २०१२ मध्ये ती अडोबीने विकत घेतली, आणि आपण कामासाठी उपलब्ध आहोत हे तेथे प्रोफाइलवरच दाखवता येते. जेथे रिक्रूटर शोधायला येतात, तेथे आपण असावे. मला दोन्ही नोकऱ्या त्यातूनच मिळाल्या.

शाईचा_डाग
रंगपेटी यांच्याशी मी सहमत नाही. अशा ठिकाणी कौतुक करणारे बहुतेक लोक डिझायनरच असतात, आणि डिझायनरला आवडते ते नेमणूक करणाऱ्याला उपयोगी पडतेच असे नाही. ड्रिबल हे असेच दुसरे संकेतस्थळ २००९ मध्ये सुरू झाले तेव्हा ४०० बाय ३०० पिक्सेलच्या चौकटीत काम दाखवावे लागे. त्या चौकटीत देखणेपणा मावतो, पण डिझाइनचा एखादा निर्णय का घेतला याचे कारण मावत नाही. आपले संकेतस्थळ असेल तर क्रम आणि मजकूर दोन्ही आपल्या हातात राहतात.

रंगपेटी
क्रम हातात राहतो हे मान्य. पण त्या संकेतस्थळावर येणार कोण, हे आपण सांगितले नाही.

अर्धी_रेघ
मूळ प्रश्न बाजूला पडतो आहे. काम इंटरफेस डिझाइनचे आहे, हे मला उघड वाटले होते. मुखपृष्ठावर नावाखाली ‘अनुभवांचा शिल्पकार’ असे लिहिले आहे. अर्ज करतो, त्यात पोर्टफोलिओचा दुवा देतो. सर्व प्रकल्पांना पासवर्ड आहे, कारण कंपनीशी गोपनीयतेचा करार आहे. ज्याला पाहायचे असेल त्याने ईमेल करून पासवर्ड मागावा अशी सूचना तेथे स्पष्ट दिली आहे.

मोजपट्टी
मग टेम्प्लेट कोणताही असला तरी फरक पडणार नाही. पहिली चाळणी लावणारा रिक्रूटर बहुधा डिझायनर नसतो. त्याच्यापुढे अर्जांचा ढीग असतो आणि पासवर्ड मागण्यासाठी तो ईमेल लिहीत बसणार नाही, पुढचा अर्ज उघडेल. पासवर्ड ठेवायचाच असेल तर तो अर्जातच द्यावा. शिवाय ‘अनुभवांचा शिल्पकार’ हे पद कोणत्याही जाहिरातीत नसते. ‘प्रॉडक्ट डिझायनर’ किंवा आपले जे पद असेल ते साध्या मजकुरात लिहावे, चित्रात कोरू नये, कारण शोधयंत्राला आणि पडदावाचकाला (अंधांना पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) मजकुराचाच भरवसा असतो.

केस स्टडीबद्दलही, म्हणजे एकेका प्रकल्पाच्या सविस्तर हकिगतीबद्दलही सांगतो. आपण चमूत होता, तर त्यातले आपले काम कोणते, हे पहिल्या परिच्छेदातच आले पाहिजे. वायरफ्रेम (पडद्याचे कच्चे रेखाटन) आणि चिकटचिठ्ठ्यांच्या भिंतीची छायाचित्रे सगळेच लावतात. ज्या पर्यायावर फुली मारली तो दाखवून त्याचे कारण सांगणारे थोडेच असतात, आणि नेमणूक करणारा डिझाइन प्रमुख मुलाखतीत नेमके तेच विचारतो.

सुलेखक
कोणी विचारले नसले तरी सांगतो : फिकट राखाडी अक्षरांचा मोह टाळावा. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या निकषांच्या एए पातळीवर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट अपेक्षित आहे, आणि इंटरफेस डिझायनरच्याच पोर्टफोलिओत तो नसावा हे शोभत नाही. पीडीएफ प्रतही जवळ ठेवावी. आमच्याकडे अजून तीच मागतात.

अर्धी_रेघ
कॉन्ट्रास्ट तपासतो. पण कराराचे काय? कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह काढले, तर काम खुले ठेवता येईल का?

शाईचा_डाग
नाव काढले म्हणजे करार पाळला असे होत नाही. कोणती माहिती गोपनीय आहे हे कराराच्या कलमात पाहावे आणि कंपनीकडे लेखी परवानगी मागावी. जे अ‍ॅप लोकांच्या हाती आलेले आहे, त्याचे सर्वांना दिसणारे पडदे (स्क्रीन) दाखवायला पुष्कळदा होकार मिळतो. आतले आकडे आणि अप्रकाशित आराखडे मात्र वगळावे लागतात. परवानगी नाकारली, तर स्वतः हाती घेतलेला एक प्रकल्प खुला ठेवावा आणि तो तसा आहे हे लिहावे.

अर्धी_रेघ
परवानगीची ईमेल आजच पाठवली. परवानगी मिळाल्यास पहिल्या केस स्टडीची सुरुवात अशी करीन : ‘मी विमा दाव्याचा अर्ज वापरकर्त्यांसाठी अधिक सहज आणि आधुनिक केला.’ हे चालेल का?

मोजपट्टी
‘आधुनिक’ काढून टाका. ‘सहज’ म्हणजे काय? आधी लोक अर्जाच्या कोणत्या पायरीवर थांबत होते, आपण त्या पायरीचे काय केले, आणि ते आपण एकट्याने ठरवले की कोणाबरोबर?

रंगपेटी
आणि तयार झाल्यावर ते बिहान्सवरही टाकावे.