मदत हवी आहे: चटणीच्या ऑर्डरी, सासूबाईंच्या वह्या आणि कमी खर्चात एआय

नमस्कार मंडळी,

गडहिंग्लजला आमचं मिरची कांडपाचं छोटं युनिट आहे. दोन डंक (मिरची कांडायची यंत्रं), भाजणीची एक भट्टी, घरचे तिघे आणि हंगामात मदतीला दोन बायका. गावातले लोक स्वतःची मिरची घेऊन कांडायला येतात, ते काम आहेच. पण चार-पाच वर्षांत तयार कांदा-लसूण चटणी पार्सलने मागवणारे खूप वाढलेत. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली आमच्याच भागातली पोरं, मग त्यांच्या सोसायटीतले शेजारी, मग त्या शेजाऱ्यांचे पाहुणे. गेल्या हंगामात होळीपासून मेअखेरपर्यंत अशा चारशेच्या आसपास ऑर्डरी झाल्या. सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि त्यात निम्म्याहून जास्त आवाजी मेसेज.

एक मेसेज जसाच्या तसा लिहिते, म्हणजे अडचण कळेल. "ताई, मागच्या वर्षीसारखीच करा, पण तिखट जरा कमी, आईला डॉक्टरांनी सांगितलंय. आमची अडीच किलो, आणि वहिनींची दीड वेगळी बांधा, त्यांना लसूण जास्त लागतो." रात्री डंक बंद झाल्यावर मी असे तीस-चाळीस मेसेज ऐकत बसते आणि कागदावर उतरवते. आणि "मागच्या वर्षीसारखी" म्हणजे नेमकी कशी, ते असतं सासूबाईंच्या वहीत. कुणाची निम्मी ब्याडगी मिरची आणि निम्मी संकेश्वरी, कुणाला मूठभर लवंगी मिरची हवीच, कुणाला खोबरं कमी. अकरा वर्षांच्या अकरा वह्या. त्यांना सगळं तोंडपाठ आहे, मला नाही. मागच्या एप्रिलमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आठ दिवस त्या घरात बसून होत्या. मी एकेका गिऱ्हाइकाचं नाव घेऊन त्यांच्या खोलीत जायचे, त्या डोळे मिटून सांगायच्या. त्या आठवड्यात मनाशी ठरवलं की पुढच्या हंगामाच्या आत हे सगळं नीट कुठेतरी उतरवायचं.

म्हणून एआयकडे वळले. पैसे न भरता जे मिळतं तेच वापरलं. आवाजाच्या फाइली गुगलच्या जेमिनीत टाकून "यादी करून दे" म्हटलं, आणि खरं सांगते, पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं. तासाभराचं काम पाच मिनिटांत. पण आठवड्याने पुण्याच्या एका काकूंचा फोन आला, "अगं, अडीच सांगितली होती, दीडच आली." मेसेज पुन्हा ऐकला. मागे गाडीचा आवाज आहे, पण काकू स्पष्ट "अडीच" म्हणतात. यादीत १.५ लिहिलं होतं आणि मी ते न तपासता बांधलं. उरलेली किलोभर चटणी आमच्या खर्चाने पाठवली, त्याचं काही नाही. पण काकू आमच्याकडे नऊ वर्षं आहेत.

वह्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. सासूबाई जुन्या पद्धतीने लिहितात. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, २॥ म्हणजे अडीच, १॥। म्हणजे पावणेदोन. पानाचा फोटो चॅटजीपीटीला दिला तर २॥ चं एका ठिकाणी नुसतं २ झालं, दुसऱ्या ठिकाणी २११. नावं मात्र बरीचशी बरोबर वाचली.

आता विचारायचं ते असं. आवाजी मेसेजवरून यादी करताना वजनं चुकू नयेत म्हणून तुम्ही काय करता? ह्या वह्या संगणकात आणायचा कमी खर्चाचा मार्ग कोणता? आणि तिसरं म्हणजे, एका ओळखीच्यांनी एका कंपनीचा माणूस आणला होता. तो व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप उत्तरं देणारा बॉट बसवून देतो म्हणतो, ४५ हजार सुरुवातीला आणि दरमहा ३ हजार. आमचा हंगाम तीन महिन्यांचा. मिस्टर म्हणतात घेऊन टाकू, मला धीर होत नाही.

एक अट आहे. सासूबाई म्हणतात, "गिऱ्हाइकाची आवड लिही, पण मसाल्याचं मूळ प्रमाण त्या मशीनला सांगायचं नाही." मला त्यांचं म्हणणं पटतं.

---

प्रतिसाद:

ताई, आमचं सोलापुरात चादरी-टॉवेलचं दुकान आहे, पार्सलचा धंदा बराच. सगळ्यात आधी बॉटचे ४५ हजार थांबवा. तुमची गिऱ्हाइकं आपोआप आलेल्या उत्तरासाठी येत नाहीत, "तिखट जरा कमी" हे तुम्हाला कळतं म्हणून येतात. तरीही घ्यायचं मनात असेल तर त्या माणसाला दोन गोष्टी लेखी विचारा: ह्याच नंबरवर तुमचं नेहमीचं अ‍ॅप चालू राहणार का, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे प्रत्येक मेसेजमागचे पैसे त्या ३ हजारांत आहेत का वेगळे. बॉट बसवल्यावर, गिऱ्हाइकाने आधी मेसेज केला तर २४ तासांच्या आतल्या साध्या उत्तराला व्हॉट्सअ‍ॅप पैसे लावत नाही, पण तुम्ही आपण होऊन पाठवलेल्या ठरावीक मेसेजला लागतात. हंगाम सुरू झाल्याची जाहिरात चारशे जणांना पाठवलीत की मीटर चालू.

तुमचं अर्धं काम व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या साध्या अ‍ॅपमध्ये होतं, ते फुकट आहे. त्यात तयार उत्तरं ठेवता येतात. मी असं ठेवलंय: "तुमची ऑर्डर अशी समजली: ... बरोबर असेल तर 'हो' लिहा." यादी एआयने केली तरी ही ओळ गेल्याशिवाय आणि 'हो' आल्याशिवाय आमच्याकडे गठ्ठा बांधत नाहीत. तुमच्या काकूंची चूक इथेच सापडली असती. आणि लेबलं लावा, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पाठवलं. मेसेज शोधत बसायचा त्रास वाचतो.

---

प्रतिसाद:

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, माहेर निपाणीचं, त्यामुळे चटणीचा विषय जिव्हाळ्याचा.

२॥ का चुकतं ते सांगते. एआयने वाचलेल्या मजकुरात उभ्या दोन रेघा बहुतेक वेळा श्लोकाच्या शेवटी येतात. त्यामुळे एकतर तो विरामचिन्ह समजून सोडून देतो, नाहीतर दोन एक मांडतो. पाव-अर्धा-पाऊणची ही खूण त्याला आपण शिकवायची. फोटोबरोबर दर वेळी हे चिकटवा:

"ही मराठी हिशेबाची वही आहे. आकड्यानंतरची । म्हणजे ०.२५, ॥ म्हणजे ०.५०, ॥। म्हणजे ०.७५. उदाहरण: २॥ = २५०० ग्रॅम. प्रत्येक ओळीसाठी वहीत जसं दिसतं तसं एका रकान्यात लिही आणि ग्रॅममध्ये दुसऱ्या रकान्यात. जे स्पष्ट वाचता येत नाही तिथे ?? लिही, अंदाज करू नको."

शेवटची सूचना सगळ्यात महत्त्वाची. ती दिली नाही तर तो रिकामी जागा आपल्या मनाने भरतो, आणि इतक्या आत्मविश्वासाने की तपासायचं सुचतही नाही. दोन रकाने मुद्दाम सांगितलेत, म्हणजे चूक एका नजरेत दिसते.

आवाजी मेसेजलाही हाच नियम लावा. अडीच, दीड, सव्वा, पावणेदोन हे शब्द आधी जसे ऐकू आले तसे अक्षरात लिहायला सांगा, मग ग्रॅम. प्रत्येक वजन यादीत आल्यावर तेवढाच मेसेज पुन्हा ऐका. चाळीस मेसेज पूर्ण ऐकण्यापेक्षा चाळीस आकडे ताडून बघणं खूप हलकं.

पैसे भरायची घाई करू नका. फुकटात दिवसाला ठरावीकच फोटो आणि फाइली घेतात, पण वह्या रोज थोड्या थोड्या केल्या तर चालतं. अगदी हंगामात गरज लागली तर तेवढ्या महिन्यांपुरते पैसे भरा आणि बंद करा. चॅटजीपीटीचा गो प्लॅन ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात आला तो महिना ३९९ रुपयांना. मोबाइल कंपन्यांच्या रिचार्जबरोबरही एआयची सवलत असते, आधी तुमच्या सिमच्या अ‍ॅपमध्ये बघा.

गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि पत्ते मात्र त्यात टाकू नका. वहीच्या फोटोत नंबर असेल तर त्यावर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा. चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये तुमचा मजकूर एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरू देण्याचा पर्याय आहे, तो बंद करून ठेवा. प्रमाण न देण्याचा तुमच्या सासूबाईंचा निर्णय एकदम योग्य आहे.

---

प्रतिसाद:

मी अन्नपदार्थांच्या छोट्या उद्योगांना कागदपत्रांत मदत करते. थोडं विषयाबाहेर आहे, पण राहवत नाही. एआयकडून पाकिटावरचा मजकूर लिहून घेणार असाल तर घटकांची यादी स्वतः लिहा. माझ्याकडे एका ताईंचं लेबल आलं होतं, त्यात कसुरी मेथी आणि हिंग होतं. त्या दोन्ही घालतच नाहीत, मशीनने घातले. हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, गहू न चालणाऱ्या माणसासाठी ही गंभीर गोष्ट आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, अन्न परवान्याचा (एफएसएसएआय) १४ आकडी नंबर, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, हिरवी खूण, हे हाताने तपासा. "पचन सुधारते, प्रतिकारशक्ती वाढते" असलं काही त्याने लिहिलं तर काढून टाका, असे दावे पुराव्याशिवाय करता येत नाहीत. आणि फोटो खऱ्या चटणीचाच लावा. ब्याडगीचा रंग कसा असतो ते आपल्या लोकांना कळतं.

---

मूळ धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. बॉटवाल्यांना नाही कळवलं. मिस्टरांना सोलापूरच्या दादांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेही तयार झाले.

निपाणीच्या ताईंनी सांगितलं तसं २०१९ च्या वहीची बारा पानं सकाळच्या उजेडात अंगणात फोटो काढून दिली. एकूण १८६ ओळी. ९ ठिकाणी ?? आलं, वजन चुकलं फक्त ३ ठिकाणी. त्या तिन्ही ठिकाणी हळदीचा डाग पडून एक रेघ झाकली गेली होती, मलाही वाचता आली नाही. सासूबाईंनी डोळ्यांजवळ पान धरलं आणि म्हणाल्या, "ही कापशीची मावशी, तिची पावणेतीनच असते." बरोबर निघालं.

त्यामुळे आता पद्धत अशी पडलीय: दुपारी जेवणं झाली की मी यादी वाचते, त्या ऐकतात आणि चुकलं तिथे थांबवतात. रोज वीस पानं होतात. वाचता वाचता त्या वहीत नसलेलंही सांगतात, कुणाच्या घरी लग्न होतं म्हणून त्या वर्षी दहा किलो गेली, कुणी वारल्यामुळे त्या वर्षी नेलीच नाही. तेही मी शेवटच्या रकान्यात लिहून ठेवतेय.

एक गोष्ट अजून अडली आहे. एकच गिऱ्हाईक वहीत तीन नावांनी आहे. "पाटील सर", "शाळेजवळचे पाटील" आणि "रेखाची सासू" हे एकच घर. फोन नंबर एआयला द्यायचा नाही असं ठरल्यावर ही नावं जुळवायची कशी? मी प्रत्येक घराला एक आकडा द्यायचा विचार करतेय, फोन नंबरांची यादी वेगळ्या कागदावर. कुणी असं केलं असेल तर सांगा, कारण चारशे घरांना आकडे देऊन झाल्यावर बदलायची वेळ नको यायला. उद्या सकाळी बाजारात संकेश्वरीचे सौदे आहेत, मिरची घरी आली की रात्री इथे येऊन वाचते.