तापत्या तांब्यावरचे रंग : यातून अभिक्रिया मोजता येईल का?

पत्रापुराण :
घासूनपुसून चकचकीत केलेला तांब्याचा पत्रा हॉटप्लेटवर २५० अंशांच्या आसपास ठेवतो आणि वरून मोबाइलने व्हिडिओ घेतो. आधी नारिंगी-तपकिरी, मग जांभळा, निळा, नंतर चक्क चांदीसारखा फिका, पुढे पिवळसर. प्रत्येक रंग म्हणजे वेगळं ऑक्साइड का? शिवाय पत्रा एकसारखा रंगत नाही. टोकदार कडांचे तुकडे दिसतात, एक निळा झाला तरी शेजारचा जांभळाच. घासण्यात कसर राहिली का? पुढे पत्र्यावर हायड्रोजन वायू सोडून हे सगळं उलटं होताना टिपायचंय.

भट्टीकर :
ऑक्साइड इतकी नसतात हो. तांब्याची नेहमीची दोनच : तांबूस क्युप्रस आणि काळं क्युप्रिक. तुम्हाला दिसतोय तो थराच्या जाडीचा रंग. थराच्या वरून परतलेला प्रकाश आणि खाली धातूवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात, काही रंग मारले जातात, उरलेले दिसतात. पोलादाचं पाणी उतरवताना, म्हणजे कडक केलेलं पोलाद पुन्हा बेताचं तापवताना, त्यावर येणारा पिवळा, जांभळा, निळाही याच जातीचा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ टामान यांनी १९२० च्या सुमारास धातूंवरच्या थरांची वाढ या रंगांवरूनच मोजली होती.

अभिक्रिया मोजायला तराजूच्या नादी लागू नका. १०० नॅनोमीटर क्युप्रस थरात दर चौरस सेंटीमीटरला ऑक्सिजन भरतो जेमतेम ७ मायक्रोग्रॅम. साध्या तराजूला त्याचा पत्ताही लागणार नाही, डोळ्याला मात्र लागतो.

आता तुकडे. घासण्याला बोल लावू नका, उलट पत्रा नीट साफ झाल्याची ती पावती आहे. पत्रा म्हणजे असंख्य स्फटिककण, आणि प्रत्येकाचं वेगळं प्रतल वर आलेलं. अणूंची मांडणी बदलली की ऑक्सिडीकरणाचा वेग बदलतो, म्हणून एकाच क्षणी शेजारच्या दोन कणांवर थर कमीजास्त जाड. अख्ख्या पत्र्याचा सरासरी रंग काढलात तर हीच गंमत पुसली जाईल. एकेक कण धरून मोजा.

आणि व्हिडिओ पहिल्या क्षणापासून हवा. रंग फिरून येतात. मधूनच पाहिलं तर पिवळा पहिल्या फेरीचा की दुसऱ्या, कोण सांगणार?

पत्रापुराण :
मोबाइल मधेच रंग स्वतःहून बदलतो, त्याचं काय?

लाल_दिवा :
व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर कुलूपबंद करा, किंवा सरळ पांढरा उजेडच टाळा. ६३० नॅनोमीटरचा लाल एलईडी लावा आणि उजळपणा कमीजास्त होताना मोजा. क्युप्रस ऑक्साइड निळा प्रकाश गिळतं, लाल बराचसा जाऊ देतं. त्याचा अपवर्तनांक (थरात प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा) २.८ धरला तर एका मंद क्षणापासून पुढच्या मंद क्षणापर्यंत थर सुमारे ११० नॅनोमीटरनं वाढलेला असतो.

पॅलेडियम धातूवर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजनची अभिक्रिया पाहणारेही एलईडी आणि कॅमेराच वापरतात. ऑक्साइड धरलं की परतणारा प्रकाश किंचित घटतो, आणि पृष्ठभागाचा कुठला भाग आधी बदलला ते कळतं.

भट्टीकर :
लाल दिव्याला माझं अनुमोदन. पण हायड्रोजनकडून उलट्या क्रमाच्या रंगांची अपेक्षा ठेवू नका. क्षपण, म्हणजे ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेणं, बऱ्याचदा लगेच सुरू होत नाही. आधी तुरळक ठिकाणी धातू उघडा पडतो, तिथे हायड्रोजनचे रेणू सहज फुटतात आणि तिथून ते पसरत जातं. म्हणजे थर सगळीकडून सारखा पातळ होत नाही, ठिपके वाढताना दिसतात. ऑक्साइडला तांब्याच्या दीडपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे ऑक्सिजन निघून गेल्यावर उरतं ते सच्छिद्र, मंद तांबं. पहिली चकाकी परत येत नाही. तेव्हा इथे रंगाऐवजी ठिपक्याची कड किती वेगानं सरकते ते मोजा.

शुद्ध हायड्रोजन आणि उघडी हॉटप्लेट ही जोडी नकोच. बंद नळी, नायट्रोजनमध्ये ५ टक्क्यांहून कमी हायड्रोजन, तापवण्याआधी आतली हवा पूर्ण काढलेली, आणि नळीतून निघणारा वायू धुराड्यात.

पत्रापुराण :
काचेची नळी आहे, पण गोल असल्यानं चकाकी फार येते.

लाल_दिवा :
सपाट खिडकीची क्वार्ट्झ नळी मिळाली तर उत्तम. नाहीतर दिवा तिरका ठेवा आणि कॅमेरा परतणाऱ्या किरणाच्या बरोबर वाटेत.