मदत हवी आहे: मॅनेजरच्या स्लाइडवरचा आकडा टिकत नाहीये, मीटिंगआधी कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

एका सल्लागार कंपनीत ज्युनियर अ‍ॅनालिस्ट आहे. मुख्य ऑफिस मुंबईला, पण मी नागपूरची म्हणून सध्या मला इथल्याच एका डाळमिलच्या कामावर घेतलंय. मिल कळमन्याकडची, एवढंच सांगते. खालचे आकडे बदललेत, हिशोबाची रीत मात्र तीच आहे.

तूरडाळीचा उतारा (१०० किलो तुरीतून किती किलो डाळ निघते ते) का कमी पडतो ते शोधायचं आणि तो सुधारला तर वर्षाला किती फायदा होईल ते मालकांना दाखवायचं, असं काम आहे. मॅनेजर सरांनी सुरुवातीलाच डेकचा (प्रेझेंटेशनचा) सांगाडा करून दिला. त्यातल्या मुख्य स्लाइडची हेडलाइन तेव्हाच ठरली: 'उतारा ५ टक्क्यांनी कमी, वर्षाला १,००० क्विंटल डाळीचं नुकसान'. मिलचा उतारा ७० टक्के, बेंचमार्क (तुलनेसाठी धरलेला उतारा) ७५ टक्के, वर्षाची तूर २०,००० क्विंटल. आधी अंदाज मांडायचा आणि मग डेटा घेऊन तो तपासायचा, ही पद्धत मला पटते. पण तपासल्यावर अंदाज पडला तर तो बदलायला नको का?

मी एक्सेलमध्ये महिन्यावारी पिव्होट तक्ता काढला तर जानेवारी-फेब्रुवारीत उतारा सगळ्यात कमी, आणि एप्रिलपासून आपोआप वर. मशिन तेच, माणसं तीच. मग मुनीमजींकडे जाऊन बसले. सुरुवातीला ते मला काहीच द्यायला तयार नव्हते ('तुमच्या मेलमध्ये मागितलं ते सगळं टॅलीत आहे, घ्या'). दोन-तीनदा नुसती त्यांच्या कामाची चौकशी करत बसले, तेव्हा त्यांनी कपाटातून लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली. त्यात गेटवरच्या काट्याचं वजन शाईने, आणि त्याच ओळीत पुढे पेन्सिलीने दुसरा आकडा: माती, खडे, काड्या निघून आणि माल वाळून उरलेलं वजन. नवी तूर ओली येते, म्हणून त्या महिन्यांत दोन्ही आकड्यांत जास्त फरक. टॅलीत फक्त शाईचा आकडा चढतो.

म्हणजे गेटवर १०० क्विंटल आली तर ३ कचऱ्यात, २ ओलाव्यात जातात. उरलेल्या ९५ मधून ७० क्विंटल डाळ निघते, उतारा ७३.७. बेंचमार्क आला कुठून ते पाहिलं, तर एका मशिन विकणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातून, आणि तो स्वच्छ, वाळलेल्या तुरीवर मोजलेला आहे. खरी तफावत १.३ टक्क्यांची. वर्षाच्या २०,००० क्विंटलमधून स्वच्छ, वाळलेली तूर १९,००० उरते, तिच्यावर हिशोब केला तर १,००० क्विंटलचे २५० होतात.

सरांना चॅटवर लिहिलं. उत्तर आलं: 'दिशा बरोबर आहे ना? मग आत्ता आकड्यात शिरू नकोस, बॅकअपमध्ये टाक.' (म्हणजे डेकच्या शेवटच्या जादा स्लाइड्समध्ये.) सर वाईट नाहीत, त्यांच्यावरही वरून दबाव आहे हे मला दिसतं. पण मालक याच आकड्यावर नव्या मशिनसाठी कर्ज काढायच्या विचारात आहेत. मिल त्यांच्या घरची आहे. ते मला 'बेटा, नीट बघून सांग' म्हणाले होते, आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढच्या आठवड्यात मालकांसमोर मीटिंग आहे. मी हे परत कसं मांडू? थेट आमच्या कंपनीच्या पार्टनरकडे (सरांच्या वरच्या साहेबांकडे) जाऊ का? आणि मुनीमजींची पेन्सिलीची वही पुरावा म्हणून चालेल का? त्यांच्यावर काही येऊ नये, ही काळजी वेगळीच.

— धरमपेठकर



बाकावरचा: चॅटवर सांगितलंस तिथेच गाडं अडलं. मॅनेजरने चॅट दोन मीटिंगच्या मध्ये वाचला असणार, आणि त्याला त्यात एवढंच दिसलं असणार की डेक परत करावा लागणार. पंधरा मिनिटं माग आणि समोर एकच पान ठेव. डावीकडे १,००० क्विंटलचा खांब, मग मोजणीच्या फरकाने गेलेले ७५०, उजवीकडे उरलेले २५०. वॉटरफॉल चार्ट. तोंडाने 'तुमचा आकडा चुकलाय' म्हणायचं नाही. 'मालकांनी गेटच्या वजनाबद्दल विचारलं तर आपण काय सांगायचं?' असं विचार. मालकाला स्वतःची मिल माहीत असते, तो हे पहिल्या पाच मिनिटांत विचारणार. भर मीटिंगमध्ये तोंडघशी पडण्यापेक्षा कुठलाही मॅनेजर आधी ऐकून घेईल.

आणि हात हलवत जाऊ नकोस. ७५० क्विंटल काढून घेतेस तर त्याच्या जागी ठेवायला काहीतरी ने. तुझ्याच आकड्यांत ते आहे: ओल्या तुरीला खरेदीत ओलाव्याची काट (ओलाव्यापोटी कपात) नीट लावली जाते का? तिथे पैसा असेल तर तो मशिनशिवाय मिळणारा आहे.

हिंगणारोड: थेट पार्टनरला मेल करा, मॅनेजरला सीसीत ठेवा. लेखी असलेलं बरं. उद्या कर्ज बुडालं तर सगळे ज्युनियरकडे बोट दाखवतील.

बाकावरचा: लेखी हवंच, पण क्रम महत्त्वाचा. आधी मॅनेजरशी बोलणं, त्याच संध्याकाळी त्यालाच मेल: 'आज बोललो त्याप्रमाणे हिशोब जोडला आहे.' तरी स्लाइड तशीच राहिली तर पार्टनरकडे जायचं, आणि तेही मॅनेजरला सांगून. त्याच्या पाठीमागे गेलीस तर आकडा बाजूला राहील आणि तू काय केलंस यावरच चर्चा होईल.

दालओळी: ताई, आमच्या घरी बरीच वर्षं मिल होती म्हणून लिहून राहिलो. तुमचा हिशोब बरोबर आहे, पण अजून एक गोष्ट सुटली. उतारा वाढला म्हणजे डाळ काही हवेतून येत नाही नं. तुकडा आणि चुनी (डाळीचा बारीक चुरा) कमी होते, तेव्हा डाळ वाढते. तुकडाही विकला जाते, चुनीही गुरांच्या खाद्यात जाते. त्याचे पैसे मालकाला आजही मिळून राहिले. म्हणून २५० क्विंटलला डाळीचा पूर्ण भाव लावू नका, डाळीचा भाव वजा चुनी-तुकड्याचा भाव, तेवढाच फायदा धरा. मशिनवाले हे कधी सांगत नाहीत.

वहीचं म्हणाल तर ती पुढे करूच नका, मुनीमजी अडचणीत येतील. मालकाला सांगून एक लॉट वेगळा चालवा. काट्याची पावती ठेवा, चाळणीनंतर वजन करा, तेलपाणी देऊन (साल सुटावी म्हणून तुरीला तेल आणि पाणी लावून) वाळवल्यावर करा, शेवटी डाळ, तुकडा, चुनी, टरफल सगळं वेगवेगळं तोला. तुमचा आकडा स्वतःच उभा राहील, वहीचं नाव घ्यायची गरज नाही.

धरमपेठकर: दालओळी दादा, भावाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, खूप आभार. बाकावरचा, वॉटरफॉल आज रात्रीच करते, त्यात आता भावाचाही एक खांब येईल. सरांकडे उद्या सकाळची वेळ मागितली आहे. एकच विचारायचं राहिलं: मीटिंगपर्यंत एका लॉटचं तेलपाणी आणि वाळवण पूर्ण होईल का? आणि एकाच लॉटवर विश्वास ठेवता येईल?

दालओळी: उन्हात वाळवत असतील तर दोन-चार दिवस धरा, ड्रायर असेल तर लवकर होते. आज रात्रीच मालकाला फोन करा, उद्या सकाळी तूर चाळणीला लागली पाहिजे. एका लॉटवर पूर्ण भरवसा नाही, पण एक काम करा: जुना वाळलेला माल आणि नवा ओला माल, दोन्ही थोडे थोडे वेगळे चालवा. काट्यावरून काढलेला उतारा दोन्हीचा वेगळा येईल, स्वच्छ वजनावरून काढलेला जवळजवळ सारखा. हमालांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते पोती मिसळून टाकतात. पोत्यांना दोन रंगांच्या सुतळ्या बांधा.