मदत हवी आहे : लोहस्तंभाचा प्रयोग फसतोय (अर्जंट!)

चिऊची_आई : शनिवारी मुलीचं विज्ञान प्रदर्शन. विषय दिल्लीचा, कुतुबमिनारजवळचा लोहस्तंभ. 'फॉस्फरसमुळे गंजत नाही' एवढंच सगळीकडे मिळतं. म्हणून एक खिळा फॉस्फोरिक अ‍ॅसिडमध्ये बुडवून काढला, दुसरा तसाच. दोन्ही ग्लासात ठेवले, दोन्ही गंजले! काय करू? कुतुबमिनारचा इतिहास नको, गुगल मलाही येतं.

रेवदंडेकर : ग्लासात काय होतं? खिळे गॅल्व्हनाइज्ड तर नाहीत? इयत्ता कितवी? अ‍ॅसिड पोरीच्या हातात दिलं नाहीत ना?

चिऊची_आई : साधे खिळे. सातवी. अ‍ॅसिड मीच हाताळलं. ग्लासात पाणी, दुसरं काय असणार?

भटक्या : मेट्रोच्या यलो लाइनने कुतुबमिनार स्टेशन, पुढे रिक्षा. खांबाला पाठ लावून मागे हात जुळवले की इच्छा पूर्ण होते म्हणायचे. १९९७ पासून कुंपण आहे, लांबूनच बघा.

चिऊची_आई : मी कुठेही जात नाहीये.

प्राचीन_गौरव : पूर्वजांना नॅनो तंत्रज्ञान अवगत होतं. पाश्चात्त्यांना हे पचत नाही.

भट्टीवाला : नॅनोबिनो काही नाही. हा खांब घडवला त्या काळी लोखंड पूर्ण वितळत नसे, भट्टीतून स्पंजासारखे गोळे निघत. ते तापवून, घणाने ठोकून सांधत जायचं. ७ मीटरहून उंच, ६ टनांहून जड खांब असा घडवला, हे कौतुक पुरे आहे की! भट्टीत चुनखडी घालत नसत, म्हणून फॉस्फरस मळीबरोबर (भट्टीतल्या वितळलेल्या कचऱ्याबरोबर) निघून न जाता लोखंडात राहिला, सुमारे ०.२५ टक्के. आज पोलादात तो ०.०५ च्या आत ठेवतात, नाहीतर पोलाद थंडीत ठिसूळ होतं. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी खांबाला वाचवणाऱ्या थराचा छडा लावला. खांबही आधी गंजतोच. त्या गंजाखाली फॉस्फरस साठतो आणि ओलं-सुकं होत होत लोह-फॉस्फेटचा पातळ, घट्ट थर बसतो. तुमच्या खिळ्याला फॉस्फरस नुसता वरून चोपडलाय. आणि ताई, पाणी नक्की कसलं?

चिऊची_आई : मिठाचं. गंज लवकर दिसावा म्हणून. पुस्तकात तसंच असतं की.

रेवदंडेकर : हे आधी सांगायचं ना! मिठापुढे असला थर टिकतो होय? आमच्या समुद्रावर येऊन बघा.

दिल्लीत_पुणेकर : थरबिर राहू द्या, दिल्लीची हवाच कोरडी. माझी सायकलसुद्धा गंजली नाही तिथे.

भट्टीवाला : सायकलला रंग असतो, साहेब. हवेचा हातभार आहेच, पण मग कर्नाटकात कोडचाद्रीच्या धो धो पावसात लोखंडी खांब उभा आहे त्याचं काय? उलट दिल्लीच्याच खांबाचा जमिनीखालचा भाग गंजलेला सापडला. तिथे सुकायला वावच नाही.

माळव्याचा_मराठा : सगळे दिल्लीच घेऊन बसतात. आमच्या धारचा खांब मूळचा जवळपास दुप्पट लांब होता. लाट मशिदीपाशी त्याचे तुकडे पडलेत. पवारांच्या संस्थानाकडे कुणाचं लक्षच नाही.

प्राचीन_गौरव : तुकडे कोणी केले, तेही लिहा.

भट्टीवाला : तो वाद इथे नको. ताई, अ‍ॅसिड विसरा. एक खिळा ओलसर मातीत पुरा, दुसरा उघड्यावर ठेवून दिवसातून एकदा साध्या पाण्याने पुसा आणि सुकू द्या. जमिनीवरचा खांब आणि जमिनीखालचा खांब, असे तक्ते लावा. खिळ्यात फॉस्फरस नाही, हे पोरीने स्वतःच सांगावं. परीक्षक तेच विचारतील.

चिऊची_आई : शनिवारपर्यंत फरक दिसेल का, एवढंच सांगा.

भट्टीवाला : दिसेल. माती ओलसर ठेवा, चिखल नको. गंजाला हवाही लागते.

रेवदंडेकर : माझ्या फाटकाचं काय करू? दरवर्षी रेडऑक्साइड मारतो, दिवाळीला पोपडे हजर.

भट्टीवाला : घासता का आधी?

रेवदंडेकर : वरवर.

भट्टीवाला : वेगळा धागा काढा.