1955: साल्क लस एप्रिलमध्ये आली, मेमध्ये थांबली. चूक नेमकी कुठे झाली?

पाटीपेन्सिल: 1955 च्या अमेरिकेवर वाचतोय. 12 एप्रिलला अ‍ॅन आर्बरमध्ये चाचणीचे प्रमुख थॉमस फ्रान्सिस यांनी जोनास साल्क यांची पोलिओची लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर केलं आणि त्याच दिवशी परवाने निघाले. 7 मे रोजी मात्र, टोचलेल्या काही मुलांना लशीतूनच पोलिओ झाल्यामुळे, सर्जन जनरल (सरकारचे प्रमुख आरोग्य अधिकारी) शील यांनी लसीकरण थांबवलं. आदल्या वर्षीच्या चाचणीत सुमारे 18 लाख मुलं सहभागी होती. मग एवढ्या मोठ्या चाचणीत दोष दिसला कसा नाही? सगळीकडे ‘कटर कंपनीचा हलगर्जीपणा’ (कटर म्हणजे लस बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एक) एवढंच लिहिलेलं असतं.

गाळणकागद: कारण चाचणीतली लस आणि बाजारात आलेली लस एकाच काटेकोरपणे बनलेली नव्हती.

आधी कृती पाहा. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर पोलिओचे तिन्ही प्रकारचे विषाणू वेगवेगळे वाढवायचे. द्रव गाळून पेशींचे तुकडे काढून टाकायचे. मग 4000 भागांत 1 भाग फॉर्मालिन (विषाणू मारणारं रसायन) घालून सुमारे 37 अंशांवर कित्येक दिवस ठेवायचं. विषाणू मेला पाहिजे, पण त्याचं बाहेरचं रूप टिकलं पाहिजे, नाहीतर शरीर त्याला ओळखायला शिकणार नाही. फॉर्मालिन कमी पडलं तर विषाणू जिवंत राहतो, जास्त झालं तर लस निकामी होते.

साल्क ठरावीक वेळाने नमुने काढून जिवंत विषाणू किती उरला ते मोजत. लॉगरिदमच्या आलेखावर ते बिंदू सरळ रेषेत खाली जात. तीच रेषा पुढे वाढवून किती दिवस ठेवायचं ते ठरे. खरी गोम इथे आहे. रेषा शेवटपर्यंत सरळ राहील हे गृहीत होतं. प्रत्यक्षात ती तळाशी आडवी होऊ शकते. पेशींचे कण उरले असतील तर विषाणू त्यांच्या गाठींत अडकतो आणि फॉर्मालिन आतपर्यंत पोचत नाही. बाहेरचे मरतात, आतले मोजके जगतात.

बर्कलीच्या कटरमध्ये हेच घडलं. त्यांनी काचेच्या गाळण्या वापरल्या आणि त्यांतून जास्त कण खाली येत. शिवाय गाळलेला द्रव फॉर्मालिन घालण्याआधी बराच काळ थंडीत पडून राही, तेवढ्यात कण पुन्हा एकत्र येऊन गाठी धरत. भरीला प्रकार 1 साठी माहोनी हा वाण होता. तो फारच जहाल, त्यामुळे थोडासा उरला तरी घात होई.

उत्तरा_व: यात सरकारी नियमांचा वाटाही मोठा आहे. 1954 च्या चाचणीसाठी उत्पादकाला सलग 11 बॅच निर्दोष काढून दाखवाव्या लागत. परवान्याच्या वेळी ही अट गेली. प्रत्येक बॅच सुटी तपासली जाई आणि नापास झालेल्या बॅच कळवण्याचं बंधन नव्हतं. एखाद्या कारखान्यात मधूनमधून जिवंत विषाणू सापडतोय हे तपासनिसाला कागदावर दिसतच नसे.

पाटीपेन्सिल: पण पास झालेली प्रत्येक बॅच तपासलेलीच होती ना?

उत्तरा_व: तपासलेली होती, पण किती? हिशोब करून बघा. समजा 1 लिटरमध्ये सरासरी एकच जिवंत कण आहे. 500 मिली तपासलं तर तो न सापडण्याची शक्यता सुमारे 61 टक्के. 95 टक्के खात्री हवी असेल तर 3 लिटर तपासावं लागेल. डोस 1 मिलीचा, म्हणजे अशा बॅचच्या एक लाख डोसांत सुमारे शंभर जिवंत डोस. निकाल ‘निर्दोष’ आला म्हणजे विषाणू नाही असं नव्हे, त्या नमुन्यात तो आला नाही एवढंच.

गाळणकागद: अगदी बरोबर. दुसरी चाचणी माकडांवर होती, तीही पुरेशी संवेदनशील नव्हती. तरीही सरकारी प्रयोगशाळेत बर्निस एडी यांना 1954 मध्येच तपासणीतली माकडं लुळी पडलेली दिसली होती आणि त्यांनी ते वरिष्ठांना कळवलंही होतं. ही बाब टाळून 1955 वर लिहिणं मला अन्यायाचं वाटतं.

साथरोग_वही: दोष सापडला कसा, तेही पाहा. पोलिओ एरवी बहुधा पायात उतरतो. इथे टोचलेल्याच दंडाचा हात लुळा पडत होता, तोही टोचल्यावर आठवड्याभराच्या आसपास. आजारी मुलांना एकाच कंपनीची लस दिलेली निघाली. 27 एप्रिलला कटरची लस परत मागवली आणि लगेच अलेक्झांडर लँगमूर यांच्या हाताखाली पोलिओ पाहणी विभाग उभा राहिला. जिवंत विषाणूमुळे सुमारे 40,000 मुलांना सौम्य आजार झाला. घरातल्या आणि आसपासच्या संसर्गासह सुमारे 200 जण कायमचे अपंग झाले, 10 दगावले.

पाटीपेन्सिल: मग दुरुस्ती काय केली?

गाळणकागद: फॉर्मालिनची प्रक्रिया चालू असताना मध्येच दुसऱ्यांदा गाळायचं, म्हणजे नव्याने धरलेल्या गाठी निघून जातात. तपासायचं प्रमाण वाढवलं, सलग निर्दोष बॅचची अट परत आणली, माकडांना कॉर्टिसोन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) देऊन ती चाचणी तीक्ष्ण केली. एकेक बॅच पुन्हा पारखून मेमध्येच लस सोडायला सुरुवात झाली. 1952 मध्ये देशात सुमारे 58,000 रुग्ण होते, 1955 मध्ये सुमारे 29,000 आणि 1957 मध्ये 6,000 च्या खाली.